उजव्या अंगठ्याखालचा काना

माझी बायको घरी बसून मराठी प्रबंध टाइप करून द्यायची. बावीस वर्षं. कॉलेजात शिकवणारी, पीएच.डी. करणारी माणसं हाताने लिहिलेले कागद आणून देत. ती ते टाइप करून, तळटिपा लावून, पानं जुळवून परत देई. उचगावच्या आमच्या घरातली पुढची खोली तिच्या टेबलाचीच. मी शिरोलीच्या एका फौंड्रीत तपासणी विभागात आहे. ओतलेला माल मापात आहे की नाही ते बघायचं, नसेल तर बाजूला काढायचा, एवढंच माझं काम. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते माझ्या या कामाच्या सवयीमुळे झालं.

गेल्या वर्षी जूनपासून तिच्या उजव्या हाताला मुंग्या येत होत्या. पहाटे हात झटकत उठायची. ऑगस्टच्या मध्याला आम्ही डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मनगटावर बोटाने टकटक केलं, तळहात दाबून बघितला आणि सांगितलं, की मनगटातल्या अरुंद वाटेत नस दाबली जातेय. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट, या तिघांकडे जाणारी ती नस. मनगटाला पट्टी बांधा, टायपिंग कमी करा आणि नसेची तपासणी करून घ्या. बारीक करंट देऊन नस किती वेगाने काम करते ते मोजतात, तीच तपासणी.

"लवकर करून घ्या," त्या म्हणाल्या.

"लवकर म्हणजे किती दिवसांत?" मी विचारलं.

त्यांच्या हातात पुढच्या पेशंटचा कागद आलेला होता. "लवकर म्हणजे लवकर हो," म्हणाल्या.

आमच्याकडे फौंड्रीत एक नियम आहे. मालाला भोकं पडायला लागली, तर वाळूतला ओलावा बदला किंवा धातूचं तापमान बदला. दोन्ही एकदम बदलायचं नाही. बदललंत, तर गुण कशाने आला ते कधीच कळत नाही. एका वेळी एकच बदल, चार दिवस निरीक्षण, मग पुढचा. सत्तावीस वर्षं मी हा नियम पाळलाय आणि नव्या पोरांना शिकवलाय. तोच मी घरी आणला. पट्टी सुरू केली. टायपिंग कमी करायला ती तयार नव्हती, हातात तीन प्रबंध होते. मग म्हटलं, मूळ कारण कीबोर्ड आहे, आधी तो बदलू. फरक पडला तर तपासणी लागणारच नाही. नाही पडला, तर तेव्हा करू.

हे तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं, तुम्ही बघा."

मी बघायला लागलो. आधी जुन्या कीबोर्डाचं माप घेतलं. दोन्ही हात एका अरुंद पट्टीवर आणायचे म्हणजे मनगटं बाहेरच्या बाजूला मोडतात. कोनमापक लावून बघितलं, उजवं मनगट चोवीस अंश मोडत होतं. मग फौंड्रीच्या प्रयोगशाळेतली पितळी वजनं आणून एकेका बटणावर ठेवली. जुनं बटण खाली जायला बासष्ट ग्रॅम लागत. एका पानाला सरासरी अठराशे दाब, दिवसाला वीस पानं. छत्तीस हजार दाब गुणिले बासष्ट ग्रॅम म्हणजे सव्वादोन टन. माझी बायको रोज बोटांनी सव्वादोन टन दाबत होती. हा आकडा निघाला तेव्हा मला भीती वाटली आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला. कारण सापडलं असं वाटलं.

फौंड्रीतल्या माझ्या जोडीदाराला, म्हणजे माझ्याबरोबर तपासणीला असणाऱ्या माणसाला, मी जेवताना हा हिशोब सांगितला. तो भाकरी मोडत ऐकत होता.

"भावा," तो म्हणाला, "वहिनींचा हात हाय, कास्टिंग न्हवं. दवाखान्यात ने की सरळ."

"नेला होता."

"मग काय म्हणाली डॉक्टरीण?"

"तपासणी करा म्हणाली. करणार आहे. आधी हे एक बघतोय."

"बघ बाबा. तू बघतोस तवर वहिनी म्हातारी हुईल."

मी हसलो. तोही हसला.

दोन भागांत तुटलेले कीबोर्ड मिळतात हे मला तेव्हा कळलं. डाव्या हाताचा एक तुकडा, उजव्याचा एक, मध्ये वायर. खांद्याच्या रुंदीएवढे लांब ठेवता येतात, तंबूसारखे आतून उचलता येतात, म्हणजे मनगट सरळ राहतं. प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्प्रिंग असते आणि ती किती ग्रॅमची हे आपण ठरवायचं. कुठल्या बटणाला कुठलं अक्षर, तेही आपणच ठरवायचं. माझ्यासारख्या माणसाला यापेक्षा वाईट वस्तू मिळाली नसती. अकरा कीबोर्ड निवडले, चौदा रकान्यांचा तक्ता केला. बटणांचे उभे रकाने सरळ की तिरपे, अंगठ्याला बटणं किती, उतार किती अंश, सुटे भाग मिळतात का. वेगवेगळ्या स्प्रिंगांची नऊ बटणं लावलेली एक छोटी पट्टी नमुन्याला मागवली आणि तिच्यापुढे ठेवली.

"एकेक दाबून बघ आणि दहापैकी गुण दे."

तिने नऊही दाबली. "साडेसात."

"कुठल्याला?"

"सगळ्यांस्नी. सगळीच पास करा आणि जेवायला चला, ताट वाढलंय."

निवड करायला मला नऊ आठवडे लागले. या नऊ आठवड्यांत ती जुन्या कीबोर्डावर रोज सव्वादोन टन दाबतच होती. हा गुणाकार मी तेव्हा केला नाही.

असे कीबोर्ड ऑर्डरीप्रमाणे बनवून देणाऱ्यांकडे तो सांगितला. कीबोर्ड आला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. खोकं उघडल्यावर तिने दोन तुकडे दोन हातांत धरले.

"अहो, फुटका इकत घेतला व्हय? बटणांवर अक्षरं बी न्हाईत."

"तू कुठं बघून टाइप करतेस?"

"ते बी खरं."

मांडणीला दोन आठवडे गेले. तिच्या खांद्यांचं माप घेऊन दोन तुकड्यांमधलं अंतर ठरवलं. उतार आधी आठ अंश, मग बारा. मनगट मोडण्याचा कोन चोवीसवरून तीनवर आला. इथपर्यंत माझं काही चुकलं होतं असं आजही वाटत नाही.

मग मी अक्षरांकडे वळलो. ती टाइपरायटरवर शिकलेली. इन्स्टिट्यूटमध्ये मराठी तीस, मग चाळीस, अशा परीक्षा दिलेल्या. संगणक आल्यावरही तिने तीच जुनी मांडणी ठेवली होती. त्या मांडणीत काना स्वतंत्र बटणावर असतो, आणि ण, श, थ, ध, भ अशी अक्षरंसुद्धा आधी अर्धं अक्षर आणि मग काना मारून पुरी करायची असतात. म्हणजे एकट्या कान्याच्या बटणावर केवढा भार. तिची दहा पानं घेऊन मोजदाद केली, अठरा हजार दाबांत दोन हजार दोनशे साठ वेळा काना. दर आठवा दाब. आणि तो सगळा उजव्या मधल्या बोटावर, जे बोट डॉक्टरांनी सांगितलेल्या तिघांत होतं.

त्याच उजव्या हाताचा अंगठा मात्र दिवसभर दोन शब्दांमधली जागा सोडण्यापलीकडे काही करत नव्हता. जाड, ताकदीचं बोट, बसून असलेलं. या कीबोर्डात अंगठ्याखाली चार बटणं होती. मी जागा सोडण्याचं काम डाव्या अंगठ्याला दिलं आणि काना उजव्या अंगठ्याखाली आणला. एकूण दाबांतला आठवा हिस्सा मधल्या बोटावरून उतरला. तक्त्यात हे फार छान दिसत होतं.

डॉक्टरांनी तीन बोटं सांगितली होती. मी दोनच धरली. अंगठ्याचं नाव त्यांनी सगळ्यात आधी घेतलं होतं.

"अंगठ्यावर काना?" ती म्हणाली. "तीस वर्षं बोट तिकडं जातंय हो."

"महिन्याभरात वळण पडेल."

"पडंल म्हणा."

जुन्या कीबोर्डावर ती मिनिटाला बेचाळीस शब्द मारायची. नव्यावर पहिल्या दिवशी नऊ. मधल्या ओळीतलं एक अक्षर ती जन्मभर भलत्याच हाताने मारत आली होती. आता ते अक्षर दुसऱ्या तुकड्यावर गेलं, आणि तिचं बोट दोन तुकड्यांच्या मधल्या रिकाम्या सनमायक्यावर आपटायचं. टक् असा नखाचा आवाज यायचा. पहिले काही दिवस आम्ही दोघंही त्या आवाजाला हसायचो.

मी वही सुरू केली. रोज तेच एक पान, अडीचशे शब्द, वेग आणि चुका. दुसऱ्या आठवड्याअखेर वेग एकवीस, चुका एकतीसवरून सतरा. तिसऱ्या आठवड्यात चुका एकोणीस झाल्या. मग सव्वीस. शिकताना चुका कमी होत जातात, वाढत नाहीत. मी पानं तपासली. सव्वीसपैकी बावीस चुका एकच होत्या, काना पडलेला नव्हता.

मी ठरवलं की अंगठ्याखालची स्प्रिंग जड आहे. पंचेचाळीस ग्रॅमची काढून पस्तीसची घातली, चार दिवस बघितलं. दोन दिवस बरं, मग चोवीस चुका. मग कान्याचं बटण अंगठ्याच्या जवळ आणलं. चार दिवस. सत्तावीस. मग उतार बारावरून दहावर आणला. पुन्हा चार दिवस. एका वेळी एकच बदल करत होतो, नियमाप्रमाणे.

या दिवसांत ती घराचं कुलूप डाव्या हाताने उघडायला लागली होती. ते मला दिसत होतं. मला वाटलं, हाताला जपते. भाकरी थापायची बंद झाली, चपात्या सुरू झाल्या. मला वाटलं, थंडीत तिला पीठ मळायचा कंटाळा आला असेल. चहाचं पातेलं सांडशीने उतरवताना एकदा हातातून सुटलं, ओटा चहाने भरला. मी पुसून घेतलं आणि म्हटलं, भाजलं नाही ना. ती नाही म्हणाली.

जानेवारीत कोडोलीच्या एक प्राध्यापिका आल्या. त्यांचा प्रबंध तिच्याकडे होता. आधीची चाळीस पानं त्या तपासायला घेऊन गेल्या होत्या, ती लाल खुणा करून परत आणली होती.

"ताई, असं कधी झालं नव्हतं तुमच्याकडनं," त्या म्हणाल्या. "पानापानाला काने गायब. आधी वाटलं प्रिंटरची चूक असंल. बघा की हे."

बायकोने पानं घेतली. "नवीन कीबोर्ड हाय. वळण पडायचंय अजून. करून देतो परत."

त्या गेल्यावर मी वही घेऊन तिच्यापाशी बसलो. तिला दाखवायचं होतं की दोष तिचा नाही, बटणाच्या जागेचा आहे, आणि जागा मी अजून थोडी सरकवू शकतो. ती वहीकडे बघत नव्हती.

"अहो, मी दाबतो की," ती म्हणाली. "प्रत्येक काना दाबतो. दाबला असं मला वाटतं, आन् तो पडतच न्हाय."

"म्हणजे?"

"म्हणजे अंगठा खाली गेला का न्हाय ते मला कळत न्हाय."

मी म्हटलं, हात दाखव. तिने दोन्ही तळहात टेबलावर उताणे ठेवले. ट्यूबलाइटखाली शेजारी शेजारी. डाव्या अंगठ्याच्या बुडाशी मांसाचा उंचवटा होता, सगळ्यांना असतो तसा. उजव्याला नव्हता. तिथे उतार होता, आणि कातड्याखाली हाडाची कड दिसत होती. बोटाने दाबलं तर बोट आत गेलं.

किती दिवस असं आहे ते मला माहीत नव्हतं. मी तिच्यासमोर रोज बसत होतो. तिच्या मनगटाचा कोन एका अंशापर्यंत मोजला होता. तळहात उलटा करून बघितला नव्हता.

माझा हात टेबलाच्या खणाकडे गेला. तिथे माझं जाडी मोजायचं व्हर्निअर असतं. दोन्हीकडची जाडी घेऊन ठेवावी, असं डोक्यात आलं होतं.

"मोजू नका," ती म्हणाली.

मी खण बंद केला.

आमच्या कामात ही ओळखीची चूक आहे. गेज, म्हणजे मापाचं साधन, माल खराब आहे असं दाखवतंय आणि तपासणारा माल बघायचं सोडून गेजच दुरुस्त करत बसलाय. नव्या पोराने असं केलं तर मी त्याला सगळ्यांसमोर बोलतो. पडलेला प्रत्येक काना मला सांगत होता की अंगठा जातोय, आणि मी स्प्रिंग हलकी करत होतो. हलकी केल्यावर दोन दिवस बरं वाटलं, कारण मरत चाललेल्या स्नायूला पस्तीस ग्रॅम अजून जमत होते.

दोन दिवसांनी तपासणी झाली. करंट देताना ती डोळे मिटून बसली होती. आलेला कागद मी वाचला. त्यातले आकडे मला समजले, पण ते इथे लिहीत नाही. तिने पुन्हा मोजू नका म्हटल्यासारखं वाटेल.

डॉक्टरांनी कागद बघितला, मग जुनी केस काढून बघितली.

"ऑगस्टमध्ये सांगितलं होतं."

"हो," मी म्हटलं.

"तेव्हा इथला स्नायू शाबूत होता. मी दाबून बघितला होता, लिहिलंय बघा इथं. मधे काय केलंत?"

मी कीबोर्डाचं सांगितलं. जेवढं सांगायला हवं त्यापेक्षा जास्त सांगितलं, अंशांसकट. त्या शेवटी म्हणाल्या, "कीबोर्ड चांगलाच आहे. पण नस दाबलेली तशीच राहिली ना." ऑपरेशन करून नसेची वाट मोकळी करावी लागेल. मुंग्या जातील. स्नायू गेलाय तो परत येईलच असं नाही.

मी विचारायला सुरुवात केली, की किती टक्के लोकांना येतो, दुसरं मत कुठे घेता येईल, कुठल्या पद्धतीचं ऑपरेशन जास्त—

"डॉक्टर," बायको म्हणाली, "परवा चालंल?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं.

"त्यास्नी काय इचारताय? हात माझा हाय की."

परवाच झालं. वीस मिनिटं. बाराव्या दिवशी टाके काढले. दोन आठवड्यांत बोटांच्या मुंग्या गेल्या, पहाटे झोपमोड होणं थांबलं. अंगठा तसाच राहिला. करंगळीच्या टोकाला अंगठा टेकवायला सांगितला तर अर्ध्या वाटेवर जाऊन थरथरतो. मार्चमध्ये पुन्हा दाखवलं तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, नस हळूहळू वाढते, वर्षभर थांबू. आशा ठेवा असंही म्हणाल्या नाहीत, सोडा असंही नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर मी तिला सांगितलं, की चूक माझी आहे. तपासणी मी थांबवली. ती मटार सोलत होती, डाव्या हाताने, शेंग टेबलावर दाबून धरून.

"तुमची हायच," ती म्हणाली. "मी कुठं न्हाय म्हणतो?"

मग तिने पुढची शेंग घेतली.

"पण मी बी बोललो न्हाय. दिवाळीच्या आधीपासनं अंगठा हलका पडल्यागत वाटत हुता."

"का नाही बोललीस?"

"बावीस वर्षांत माझ्या कामाचं कुणी काय मोजलं न्हवतं. किती पानं झाली, एवढंच. तुम्ही मी किती टन दाबतो ते मोजलासा. दोस्ताला सांगितलासा. रोज माझ्यापाशी येऊन बसायचा, पान तपासायचा. मला बरं वाटत हुतं. बोललो असतो तर तुमचं सगळं फुकट गेलं असतं."

लोक म्हणतील की तिने मला माफ केलं. मला तसं वाटत नाही. तिने फक्त जे होतं ते सांगितलं. आणि त्याने माझी चूक कमी होत नाही, वाढते, कारण तिच्यापाशी रोज येऊन बसायला मला एक कीबोर्ड लागला.

एप्रिलच्या सुरुवातीला प्राध्यापिका उरलेले कागद न्यायला आल्या. तिने त्यांना आधीच फोन करून सांगितलं होतं, की दुसरं कोणतरी बघा. तरी त्या दारात येऊन म्हणाल्या, "ताई, मी थांबते की. मला कुठं घाई हाय?"

"तुमचं सहा महिने माझ्यापायी गेलं," बायको म्हणाली. "आणखी नका घालवू. राजारामपुरीत एकजण करतो चांगलं. त्याला सांगा, तळटिपा पानाखाली घे, शेवटाला ढकलू नको. तो ढकलतोय. आणि चौथ्या प्रकरणात तुम्ही दोन ठिकाणी एकच उतारा लिहिलाय, मी पेन्सिलनं खूण केलीय, बघून घ्या."

"तुमच्यासारखं कोण वाचून टाइप करतंय ताई?"

"न्हाय करत. म्हणून तुम्हीच वाचा."

एकशे शहाऐंशी पानं उरली होती. तिने ती डाव्या हाताने टेबलावर ठोकून कडा जुळवल्या. वरखाली पुठ्ठे लावले. कपाटातून सुतळी काढली, गठ्ठ्याला उभी आडवी गुंडाळली आणि दोन्ही टोकं ओढून माझ्यापुढे धरली. गाठ मारायला अंगठा लागतो. मी गाठ मारली. तिने ती बोटाने हलवून बघितली, सैल होती, तसं म्हणाली. मी सोडून पुन्हा मारली.